‘ब्रिंग अबाउट’चा अर्थ पाठ आहे, तरी वाक्य का चुकतं?

चोपडा तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करते. गाईडमध्ये ‘ब्रिंग अबाउट’चा अर्थ ‘घडवून आणणे’ असा दिलेला, तो पाठ करून तिने दोन वाक्यं लिहिली. पहिलं, ‘ड्यू टू हेवी रेन ब्रॉट अबाउट फ्लड इन तापी रिव्हर.’ दुसरं, ‘द न्यूज ब्रॉट अबाउट हिम टू क्राय.’ क्लासच्या सरांनी दोन्हींवर फुली मारली आणि पुढे गेले. आता ती विचारते की अर्थ येत असून वाक्य का चुकतं, ‘कॉज’, ‘लीड टू’, ‘ब्रिंग ऑन’ हे सगळे एकच का, आणि ‘अबाउट’ म्हणजे ‘बद्दल’ असताना तो इथे काय करतो?

ताई, फुली बरोबर आहे, फक्त दोन्ही चुका एका जातीच्या नाहीत. मी अमळनेरला इंग्रजी शिकवतो आणि रावेर-यावलकडच्या काही केळी व्यापाऱ्यांची इंग्रजी पत्रंही तपासून देतो. वहीत आणि पत्रात मला याच दोन चुका सारख्या भेटतात. गाईडने दिलेला अर्थ खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग असा की इंग्रजीत कारण वाक्यात कुठे बसतं आणि या क्रियापदापुढे कोणतं नाम चालतं. ते कुणी सांगत नाही, कारण चार पर्यायांच्या प्रश्नात त्याची गरज पडत नाही. तिथे ‘टू कॉज टू हॅपन’वर टिक केली की गुण मिळतो. स्वतःचं वाक्य लिहायची वेळ आली की उघडं पडतं.

पहिल्या वाक्यापासून सुरू करू. तुमच्या मनात मराठी वाक्य होतं, ‘मुसळधार पावसामुळे तापीला पूर आला.’ या वाक्यात कर्ता पूर आहे. ‘आला’ हे अकर्मक क्रियापद आहे. पाऊस बिचारा ‘मुळे’ लावून बाजूला उभा आहे. मराठीत कारण सांगायची ही आपली सगळ्यात सवयीची पद्धत. उन्हामुळे चक्कर आली, करप्यामुळे केळीची पानं वाळली, भाव पडल्यामुळे कापूस घरात राहिला. निर्जीव गोष्टीला कर्ता करून ‘पावसाने पूर आणला’ असं आपण एखाद्या वेळी म्हणतो, पण जिभेवर आधी ‘मुळे’च येतं.

इंग्रजीत याचे दोन रस्ते आहेत. एक, मराठीसारखाच: ‘ड्यू टू हेवी रेन, देअर वॉज अ फ्लड.’ इथे पाऊस बाजूला आणि पुराचं वाक्य वेगळं. दुसरा, पावसालाच कर्त्याच्या जागी बसवायचं: ‘हेवी रेन ब्रॉट अबाउट अ फ्लड.’ तुम्ही दोन्ही रस्ते एकदम धरले. ‘ड्यू टू’ने पावसाला बाजूला काढलं आणि ‘ब्रॉट अबाउट’साठी कर्ताच उरला नाही. कुणी ब्रॉट अबाउट केलं, याचं उत्तर वाक्यात सापडत नाही. म्हणून ‘ड्यू टू’, ‘बिकॉज ऑफ’, ‘ओइंग टू’ यांपैकी काही लिहिलं असेल तर त्याच्या लगेच पुढे ‘ब्रॉट अबाउट’, ‘कॉज्ड’, ‘लेड टू’ यांपैकी काहीच येऊ द्यायचं नाही. उलट ‘ब्रॉट अबाउट’ वापरायचं ठरवलं असेल तर आधीचा ‘ड्यू टू’ खोडा. मुलांच्या वहीत ही एक दुरुस्ती केली की निम्मी लाल शाई वाचते.

‘ड्यू टू’ खोडल्यावर व्याकरण बसतं. तरीही पुरासाठी मी ‘ब्रॉट अबाउट’ लिहिणार नाही. ‘हेवी रेन कॉज्ड फ्लडिंग अलाँग द तापी’ हे जास्त सरळ. का, ते पुढे येतंच.

आता ‘घडवून आणणे’कडे वळू. या मराठी शब्दात हेतू असतो. दोन भावांत बांधावरून वाद होता आणि गावातल्या मंडळींनी समेट घडवून आणला, म्हणजे त्यांनी ठरवून, खटपट करून तो केला. २००७ पासून गावोगाव तंटामुक्त समित्या निघाल्या, त्यांच्या बातम्यांत हा शब्द कायम दिसायचा. आता हे वाक्य बघा: ‘ड्रायव्हरच्या निष्काळजीपणाने अपघात घडवून आणला.’ कानाला खटकतं. अपघात ‘घडवून आणला’ म्हटलं की आपल्याला कट, घातपात, विम्याचे पैसे असलं काहीतरी आठवतं. पण इंग्रजीत ‘हिज केअरलेसनेस ब्रॉट अबाउट द अ‍ॅक्सिडेंट’ म्हणताना कुणावर कटाचा संशय नसतो. ‘ब्रिंग अबाउट’ला हेतू असला तरी चालतो, नसला तरी चालतो. माणूस कर्ता चालतो, तसाच लोभ, दुष्काळ, कायदा, यंत्र, बातमी यांतलं काहीही चालतं.

त्यामुळे उताऱ्यात हा शब्द आला की कर्त्याकडे बघून मराठी करायचं. कर्ता माणूस किंवा संस्था असेल आणि फळ चांगलं असेल, तर ‘घडवून आणणे’ चपखल बसतं. कर्ता निर्जीव असेल, तर वाक्य उलटं करून ‘मुळे’ लावा: ‘ठिबक आणि टिश्यू कल्चरच्या रोपांमुळे केळीची शेती बदलली.’ फळ वाईट असेल, तर ‘कारणीभूत ठरणे’ किंवा ‘ओढवणे’ बघा. ‘हिज ग्रीड ब्रॉट अबाउट हिज डाउनफॉल’ याचं ‘त्याच्या लोभाने त्याचं पतन घडवून आणलं’ असं भाषांतर वाचलं की अंगावर काटा येतो. ‘लोभापायी तो बुडाला’ एवढं पुरे. मराठीकडे ‘पायी’ आहे, ‘मुळे’ आहे, ‘नादात’ आहे. ते सोडून गाईडचा शब्द प्रत्येक ठिकाणी ठोकायची गरज नाही.

दुसऱ्या वाक्याची चूक वेगळी. ‘द न्यूज ब्रॉट अबाउट हिम टू क्राय’ यात ‘ब्रॉट अबाउट’पुढे माणूस आला आणि त्याच्यापुढे ‘टू क्राय’. हे क्रियापद माणूस घेत नाही, वस्तू घेत नाही, ‘टू’ लावलेलं क्रियापदही घेत नाही. त्याला लागतं घटनेचं नाव. तपासायची युक्ती सोपी आहे. पुढच्या नामाला ‘हे कधी झालं?’ असं विचारून बघा. बदल कधी झाला, समेट कधी झाला, अंत कधी झाला, हे प्रश्न चालतात. सायकल कधी झाली, तो कधी झाला, हे चालत नाहीत. चेंज, रिफॉर्म, इम्प्रूव्हमेंट, सेटलमेंट, पीस, डाउनफॉल, कोलॅप्स, एंड ही या शब्दाची नेहमीची सोबत. त्यातही ‘चेंज’ सगळ्यात जास्त, आणि त्याच्यापुढे ‘इन’ येतो: ‘अ चेंज इन बनाना फार्मिंग’.

मग ‘बातमीने त्याला रडवलं’ कसं म्हणायचं? शाळेत प्रयोजक क्रियापदं शिकलात ना: रडणे-रडवणे, हसणे-हसवणे, बसणे-बसवणे. माणसाला काहीतरी करायला लावणारी ही क्रियापदं इंग्रजीत ‘मेक’ने होतात: ‘द न्यूज मेड हिम क्राय.’ ‘मेक’पुढे ‘टू’ नाही. जास्त औपचारिक हवं असेल तर ‘कॉज्ड हिम टू क्राय’, तिथे मात्र ‘टू’ लागतो. मेकला टू नाही, कॉजला टू हवा, आणि ब्रिंग अबाउटला माणूसच चालत नाही. या तिन्हींची सरमिसळ झाली की तुमच्यासारखं वाक्य तयार होतं.

व्यापाऱ्यांच्या पत्रांत हेच वेगळ्या कपड्यात येतं. एकाचा केळीचा रीफर कंटेनर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, वाटेत बिघडला होता. केळीला आत १३-१४ अंश राखावे लागतात. त्याखाली गेलं तर सालीला थंडीचा मार बसतो, वर गेलं तर माल पिकायला लागतो. इथे तापमान वर गेलं आणि हिरवा भरलेला माल पिवळा होऊन उतरला. भरपाई मागायच्या पत्रात वाक्य होतं, ‘द फेल्युअर ऑफ कूलिंग ब्रॉट अबाउट द बनानाज टू राइप.’ मी केलं, ‘द कूलिंग फेल्युअर कॉज्ड द बनानाज टू राइपन अर्ली.’ ‘राइप’ म्हणजे पिकलेलं, पिकण्याला ‘राइपन’. पण महत्त्वाची दुरुस्ती ‘कॉज्ड’ची. केळी ही घटना नाही, तिचं पिकणं ही घटना. व्याकरणाच्या दृष्टीने ‘ब्रॉट अबाउट द अर्ली राइपनिंग ऑफ द बनानाज’ असंही बसवता आलं असतं. मी बसवलं नाही. भरपाईच्या पत्रात वाचणाऱ्याला एका दमात कळलं पाहिजे की काय बिघडलं आणि त्याने काय झालं. तिथे भारदस्त शब्द आड येतो.

इथेच पुराचं राहिलेलं उत्तर देतो. ‘ब्रिंग अबाउट’ शोभतो तो मोठ्या, बहुधा हळूहळू झालेल्या बदलाला, परिस्थिती एकीकडून दुसरीकडे गेली असं म्हणायचं असतं तिथे. पूर, आग, अपघात, नुकसान यांना ‘कॉज’ जवळचा. ‘कॉज’ची सोबत बहुतेक वाईट गोष्टींशी असते: डॅमेज, डिले, ट्रबल, डेथ. म्हणून चांगल्या सुधारणेला ‘कॉज्ड अ‍ॅन इम्प्रूव्हमेंट’ म्हटलं की किंचित विचित्र वाटतं आणि ‘ब्रॉट अबाउट अ‍ॅन इम्प्रूव्हमेंट’ सहज वाटतं. हा काही कडक नियम नाही. अपघाताला ‘ब्रॉट अबाउट’ लिहिलेलं तुम्हाला चांगल्या इंग्रजीतही सापडेल, वर मीच दिलं आहे. सवय कुठे झुकते, एवढंच सांगतोय.

‘लीड टू’ची गोष्ट निराळी. त्यात मधल्या पायऱ्या असतात. बुऱ्हाणपूरकडे जोराचा पाऊस झाला, पाणी हतनूरला आलं, धरणाचे दरवाजे उघडले, खालच्या गावांत पाणी शिरलं. एवढी साखळी असताना ‘हेवी रेन निअर बुऱ्हाणपूर लेड टू फ्लडिंग डाउनस्ट्रीम’ हे सगळ्यात प्रामाणिक वाक्य. पाऊस सुरुवातीला, पूर शेवटी, मधे काय काय घडलं ते वाचक समजून घेतो. ‘रिझल्ट इन’ जवळपास असाच, जरा कोरडा, अहवालात शोभणारा. त्याचा सख्खा शत्रू ‘रिझल्ट फ्रॉम’. ‘इन’ असेल तर पुढे परिणाम येतो, ‘फ्रॉम’ असेल तर पुढे कारण. या जोडीवर परीक्षेत प्रश्न हमखास. आणखी एक: ‘वॉज रिझल्टेड इन’ असं कधीही लिहू नका, याला कर्मणी प्रयोग नाही.

‘ब्रिंग ऑन’ हा मात्र आपल्या रोजच्या जगण्यातला शब्द आहे. दुखणं, झटका, अ‍ॅटॅक, असं अचानक उठणारं आणि नकोसं काहीतरी सुरू होतं तेव्हा तो येतो. झणझणीत शेवभाजी खाऊन रात्री छातीत जळजळ सुरू झाली, तर ‘द शेवभाजी ब्रॉट ऑन हिज अ‍ॅसिडिटी.’ मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर गेलेला असताना दुपारी बारा वाजता कुणी मोटारसायकलवर निघाला आणि चक्कर येऊन पडला, तर ‘द हीट ब्रॉट ऑन अ डिझी स्पेल.’ या ठिकाणी ‘ब्रॉट अबाउट’ टाकून बघा. अ‍ॅसिडिटीसाठी जणू मोठी चळवळ उभारली असं वाटतं. याच शब्दाचं एक रूप ‘यू ब्रॉट इट ऑन युवरसेल्फ’, म्हणजे आपलं ‘ओढवून घेतलंस’. खेळाडू एकमेकांना ‘ब्रिंग इट ऑन’ म्हणतात ते वेगळं, ते ‘येऊ दे, बघतोच’ या अर्थाचं. त्यात गल्लत करू नका.

‘गिव्ह राइज टू’, ‘सेट ऑफ’, ‘ट्रिगर’ यांच्यात आत्ता शिरत नाही. ते येतील तेव्हा बघा.

आता ‘अबाउट’. इथे तो ‘बद्दल’ नाही. ‘टॉक अबाउट द फ्लड’ यात ‘अबाउट’ पुढच्या नामाला चिकटलेला असतो, पुराबद्दल बोला. ‘ब्रिंग अबाउट अ चेंज’ यात तो मागच्या ‘ब्रिंग’ला चिकटलेला असतो, आणि दोघांचं मिळून एक क्रियापद होतं. खात्री करायची तर नामाच्या जागी ‘इट’ घाला. ‘टॉक अबाउट इट’ होतं, ‘टॉक इट अबाउट’ होत नाही. ‘ब्रिंग’चं बरोबर उलटं: ‘ब्रिंग इट अबाउट’ बरोबर, ‘ब्रिंग अबाउट इट’ चूक. नाम असेल तर दोन्ही चालतं, ‘ब्रिंग अबाउट अ चेंज’ आणि ‘ब्रिंग अ चेंज अबाउट’. नाम लांबलचक असेल तर ते शेवटीच ठेवा, नाहीतर ‘अबाउट’ इतका लांब जातो की वाचणारा त्याची वाट बघत बसतो.

कर्मणी प्रयोगात हा ‘अबाउट’ हमखास हरवतो. ‘द चेंज वॉज ब्रॉट अबाउट बाय ड्रिप इरिगेशन’ लिहायचं असतं, आणि मुलं ‘वॉज ब्रॉट बाय’ लिहून मोकळी होतात. ‘अबाउट’ आणि ‘बाय’ असे दोन छोटे शब्द शेजारी आले की एक जास्तीचा वाटतो. पण दोन्ही लागतात. ‘अबाउट’ गेला की उरतं निव्वळ ‘आणला’, म्हणजे बदल कुणीतरी पिशवीत घालून आणला.

याच ‘अबाउट’ची दुसरी जोडी माहीत असू द्या: ‘कम अबाउट’. आपल्याकडे घडणे आणि घडवणे असतं ना, तसंच इथे आहे. ‘कम अबाउट’ म्हणजे घडणे, आपोआप, कर्त्याचं नाव न घेता. ‘हाऊ डिड धिस कम अबाउट?’ म्हणजे हे झालं कसं? त्याच्यापुढे कर्म येत नाही, म्हणून ‘वॉज कम अबाउट’ असंही होत नाही. कुणी केलं हे माहीत नसेल किंवा सांगायचं नसेल तेव्हा फार उपयोगी. सरकारी भाषेत तर विशेष.

इथवर जे सांगितलं ते थोडक्यात: ‘ड्यू टू’ आणि ‘ब्रॉट अबाउट’ एका वाक्यात शेजारी बसवू नका, पुढे घटनेचं नाव ठेवा, माणसाला काही करायला लावायचं असेल तर ‘मेक’ किंवा ‘कॉज’कडे जा, आणि दुखण्याखुपण्याला ‘ब्रिंग ऑन’ वापरा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण निबंध लिहिताना लागेल. ‘घडवून आणणे’ डोक्यात बसलं की मुलं ते भरवणे, आयोजित करणे, स्थापन करणे या सगळ्यांना लावतात. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. एका निबंधात मी वाचलं, ‘काँग्रेस ब्रॉट अबाउट इट्स सेशन इन फैजपूर.’ अधिवेशन भरवतात, त्याला ‘हेल्ड’. फैजपूरच्या अधिवेशनाने गावागावांत जागृती केली असं म्हणायचं असेल तर तिथे ‘ब्रॉट अबाउट’ लिहा, खुशाल. तसंच १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. त्याला ‘ब्रॉट अबाउट द डिव्हिजन ऑफ खानदेश’ असं लांबण लावायची गरज नाही, ‘डिव्हायडेड खानदेश’ म्हटलं की काम झालं. ज्या क्रियेला स्वतःचं साधं क्रियापद आहे, तिला नाम करून मग ‘ब्रॉट अबाउट’ लावणं म्हणजे उगीच शब्द वाढवणं. भेट घालून देणं हेही असंच. त्याला ‘अरेंज अ मीटिंग’.

निबंधात किती वेळा वापरायचा, हे परीक्षकावर आणि विषयावर आहे. सामाजिक बदल, शेतीतली सुधारणा, स्त्री शिक्षण असा विषय असेल तर एकदा, फार तर दोनदा चांगला दिसतो. प्रत्येक परिच्छेदात आला की पाठ केलेला आहे हे लगेच कळतं. मी तपासताना तिसऱ्या वेळेला पेन थांबवतो. बोलताना तर जवळजवळ लागतच नाही. मुलाखतीत ‘कॉज’ आणि ‘मेक’ यांवर सगळं भागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

स्पेलिंगचं तेवढं सांभाळा. ‘ब्रॉट’मध्ये बीनंतर आर असतो. तो राहिला की ‘बॉट’ होतं, म्हणजे विकत घेतलं, आणि ‘बॉट अबाउट अ चेंज’ असलं काही कुठेच नसतं. ‘लीड टू’चा भूतकाळ ‘लेड’, तो एल-ई-डी असा तीनच अक्षरांत. त्यात ए घातला तर वाचणारा एक तर वर्तमानकाळ समजतो, नाहीतर शिसं.